मदत हवी आहे : पश्चिमेकडच्या भिंतीची ओल आणि बुरशी

नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरी भागातील एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आम्ही तिघे राहतो. दर पावसाळ्यात सासूबाईंच्या खोलीतील पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर येणारा पाऊस याच भिंतीवर तिरपा आदळत असल्याने बाहेरच्या गिलाव्यातील बारीक भेगांतून पाणी मुरत असावे, असा माझा अंदाज आहे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मागच्याच वर्षी झाले असून छत कोरडे आहे.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, खोलीत कपडे वाळत घालणे थांबवले (त्यांतले पाणी शेवटी खोलीच्या हवेतच उतरते) आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावू लागले. फरक पडला, पण पुरेसा नाही. सासूबाईंना दमा आहे आणि बुरशीमुळे त्यांचा खोकला वाढतो, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

आतून ओलरोधक रंग दिल्यास पाणी भिंतीतच अडकून पुन्हा पोपडे निघतात, असे एका अनुभवी गवंड्यांनी सांगितले. मग बाहेरून भेगा भरून लेप देणे हाच उपाय आहे का? बाहेरची भिंत सोसायटीच्या सामाईक मालकीची असताना हा खर्च तुमच्या सोसायटीत कसा वाटून घेतला गेला? हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र कोणी वापरले असल्यास विजेच्या खर्चासह अनुभव कृपया सविस्तर कळवावा.