इतिहास घेऊन बी.ए. झाल्यावर कोल्हापुरात पुढे काय करावे?

भुदरगडकर:
नमस्कार. माझी भाची गारगोटीहून ये-जा करून कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकत असून इतिहास हा तिचा मुख्य विषय आहे. तिला एम.ए. करायचे आहे, तर घरच्यांचे म्हणणे असे की आर्ट्सला कोणी विचारत नाही, तिने सरळ एमपीएससीला बसावे. मामा म्हणून मी तिला काय सांगावे?

दसरा चौक:
मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झाले आणि चार वर्षे अभ्यासिकेत काढली, म्हणून कळकळीने सांगते की एमपीएससी जरूर द्यावी, पण तिच्यावरच सर्व भिस्त ठेवू नये. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषय म्हणून इतिहास घेता येतो, त्यामुळे तिचे तीन वर्षांचे वाचन वाया जाणार नाही.

आता मी न्यायालयीन कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. ऑगस्ट २०२५ मध्ये येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांची प्रकरणे कोल्हापुरात येतात, आणि खालच्या न्यायालयांतील जबाब, पंचनामे, फेरफार बहुतांशी मराठीत असतात. ‘वहिवाट’ हा एकच शब्द घ्या: कुठे त्याचा अर्थ ताबा, कुठे वापर, तर कुठे येण्याजाण्याचा हक्क असा होतो, आणि तो इंग्रजीत चुकला तर पक्षकाराची बाजूच बदलून जाते. हे काम कायद्याची पदवी नसलेली, पण दोन्ही भाषा नेटक्या येणारी व्यक्ती करू शकते. तिला कायद्याची गोडी लागलीच, तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा एल.एल.बी. आहेच.

इतिहासाच्या विद्यार्थिनीने जुन्या मराठी कागदपत्रांची मोडी लिपी मात्र शिकावीच. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तासिकावाला:
एम.ए. करून प्राध्यापक व्हायचे मनात असेल, तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही वाट लांब आहे, हे तिला आधीच सांगा. मी एका महाविद्यालयात सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सुट्टीच्या महिन्यांत हातात एक रुपया येत नसे. शाळेत शिकवायचे असेल तर दोन वर्षांचे बी.एड. आणि त्यानंतर शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. शिकवण्याची खरी ओढ असेल तरच तिने या वाटेला यावे.

भुदरगडकर:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आम्ही ट्रंकेतून पणजोबांचे मोडीतील खरेदीखत काढले. भाची तासभर त्यावर वाकून बसली होती. वरचा ‘श्री’ आणि मधला एक आकडा एवढेच तिला लागले. मोडीचा पुढचा वर्ग कोल्हापुरात कधी सुरू होतो, हे कोणी सांगू शकेल का?