अनुभव धागा : आभासी जगातलं तुमचं बिऱ्हाड आणि तिथला कारभार

परळची नऊवारी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आपल्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या आभासी जगात राहतात, किंवा कधीकाळी राहत होते. कोणी घर बांधलं, कोणी दुकान टाकलं, कोणी नुसतेच भटकले. तिथे काय केलं यावर आपण पुष्कळ बोलतो. मला विचारायचंय ते वेगळं. ते जग चालवणारे तुमच्याशी कसे वागले? नियम कोण ठरवतं, बदलला तर तुम्हाला कसा कळतो, तक्रारीचं पुढे काय होतं? स्वतःचं कुणाशी वाजलं असेल तर नाव घेऊ नका, पण घडलं ते नीट सांगा.

सुरुवात मी करते. मी सेकंड लाइफमध्ये साड्या बनवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३च्या जूनमध्ये ते जग उघडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की रहिवाशांनी जे बनवलं त्याचा बौद्धिक संपदा हक्क रहिवाशांचाच राहील. त्या जगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय मी यालाच मानते. घरं, कपडे, झाडं, अगदी चालण्याची लकबसुद्धा तिथे बहुतेक लोकांनीच घडवली आहे. कष्टाचं फळ आपल्या नावावर राहणार नसतं तर एवढी मेहनत कोणी घेतली असती?

आणि मेहनत असते हो. सुरुवातीला साडी म्हणजे अंगावर चिकटवलेलं चित्र आणि कमरेखाली लवचिक ठोकळ्यांच्या निऱ्या. सहावारीचं त्यात कसंबसं भागायचं, नऊवारीचं नाहीच. अवतार, म्हणजे आपलं तिथलं पात्र, बसला की मांड्या निऱ्यांतून आरपार बाहेर. २०११ मध्ये मेश आलं, म्हणजे बाहेर घडवलेला त्रिमितीय आकार आत आणायची सोय झाली, तेव्हा कुठे काष्टा जमायला लागला. काष्ट्याचा पट्टा दोन्ही मांड्यांच्या मधून मागे जातो. त्याचा कुठला बिंदू अवताराच्या कमरेच्या हाडाला बांधायचा, कुठला डाव्या मांडीला, कुठला उजव्या, हे एकेक करून ठरवावं लागतं. एक बिंदू चुकीच्या हाडाला गेला की चालताना काष्टा रबरासारखा ताणतो. मग परत ब्लेंडर (आकार घडवायचं सॉफ्टवेअर) उघडा, परत अपलोड करा, परत बसवून बघा.

म्हणूनच नक्कल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. २००६च्या नोव्हेंबरमध्ये कॉपीबॉट नावाचं नकला उतरवणारं साधन पसरलं, तेव्हा कित्येक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. कंपनीने त्याचा वापर नियमबाह्य ठरवला. पण आजही चोरी शोधायची ती बनवणाऱ्याने, आणि अमेरिकी कायद्याप्रमाणे तक्रार करायची तर स्वतःचं खरं नाव-पत्ता देऊन. माझी एक पैठणी उचलली गेली होती, रीतसर तक्रार केली, ती खाली उतरवली गेली. पण टोपणनावाने काम करणाऱ्या किती जणी घरचा पत्ता लिहून द्यायला धजावतील? हक्क दिला ते उत्तमच, आता तो राखायचं ओझंही थोडं वाटून घ्यायला हवं.

गिरगावकर

ताई, तुम्ही वस्तूंचं लिहिलंत, मी जमिनीचं लिहितो.

मी पागडीच्या चाळीत वाढलो. रक्कम मोजून खोली घेतलेली असते, घरचे तिला ‘आपली खोली’ म्हणतात, पण भाडेपावती मालकाच्या पुस्तकातली. सेकंड लाइफमधल्या खाजगी बेटांवर डिट्टो हेच आहे. एक रीजन म्हणजे २५६ मीटर बाय २५६ मीटर. कोणीतरी तो कंपनीकडून घेतो, दरमहा डॉलरमध्ये टिअर, म्हणजे जमिनीचा आकार, भरतो, आणि तुकडे पाडून तुम्हाआम्हाला ‘विकतो’. कंपनीच्या लेखी मालक तो एकटाच.

मी तिथे इराण्याचं हॉटेल उभं केलं होतं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, गल्ल्याशेजारी खारी-नानकटाईच्या बरण्या, कोपऱ्यात आरसा. एका रात्री लॉगिन केलं तर थेट दुसऱ्याच बेटावर उतरलो. आमच्या बेटमालकाने बेट विकायला काढलं होतं आणि तुकडे परत घेतले होते. आगाऊ भाडं त्याच्याकडेच राहिलं. आख्खं हॉटेल माझ्या इन्व्हेंटरीत (खात्यातल्या सामानाच्या साठ्यात) ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये एका गठ्ठ्यात येऊन पडलेलं. गठ्ठ्याला नाव बरणीचं, आत टेबल, खुर्च्या, दारं, गल्ला, सगळं.

मालकाला निरोप धाडले, उत्तर नाही. कंपनीचं धोरण लिखित आहे : रहिवाशांमधल्या भाड्याच्या वादात आम्ही पडत नाही. लिहिलेलं आहे, मान्य. पण भाडं गोळा करायची व्यवस्था तुमच्याच जगात, तुमच्याच लिंडन डॉलर या चलनात चालते, तर निदान आगाऊ रक्कम अडकवून ठेवायची सोय असायला नको का? मालकाने बेट सोडलं की उरलेले दिवस मोजून पैसे परत. हे बनवणं अवघड आहे असं मला तरी वाटत नाही.

यात थेट कंपनीचे गिऱ्हाईकही सुटलेले नाहीत. २००८च्या ऑक्टोबरमध्ये ओपनस्पेस या हलक्या वापराच्या स्वस्त रीजनचा महिन्याचा दर ७५ वरून १२५ डॉलर करायची घोषणा झाली. लोकांनी त्यावर बेतून घरं, बंदरं, जंगलं उभारून झाल्यावर! गदारोळ झाला, मग वाढ टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. त्याआधी मार्क ब्रॅग नावाच्या वकिलाची जमीन खात्यासकट गोठवली गेली होती, ते प्रकरण पेनसिल्व्हेनियातल्या फेडरल न्यायालयात गेलं. २००७ मध्ये न्यायाधीशांनी लवादाची सक्ती करणारं कलम एकतर्फी म्हणून लागू करायला नकार दिला, पुढे तडजोड झाली. ‘आय अ‍ॅग्री’ दाबलं की सगळं संपलं असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

शेल अकाउंटवाला

तुमच्या चित्रांच्या जगाआधीची गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. आम्हा विद्यार्थ्यांना शेल अकाउंट मिळायचं, काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. रात्री मोडेम लागला की टेलनेटने, म्हणजे दूरच्या संगणकाला अक्षरांतून जोडून, मी लॅम्बडामू गाठायचो. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिसने उभारलेलं, निव्वळ शब्दांचं घर. खोलीत शिरलात की वर्णन वाचायचं, कोण बसलंय ते वाचायचं.

कारभाराबाबत त्या जगाने जे करून पाहिलं ते नंतर फार कमी ठिकाणी झालं. सर्वाधिकार असलेल्यांना तिथे विझार्ड म्हणत. १९९२च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. काही महिन्यांतच एकाने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला आणि कळेना की शिक्षा द्यायची कोणी. त्यातून अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. कुणीही अर्ज मांडायचा, पुरेशा सह्या मिळवायच्या, विझार्डांनी तो अमलात आणण्याजोगा आहे का ते तपासायचं, मग मतदान. मी गेलो तेव्हा हे जोरात चालू होतं. मराठी माध्यमातून आलेला मी पोरगा, जगभरच्या लोकांचे एकेका नियमावरचे वाद शब्दकोश घेऊन वाचायचो. घटना कशी बनते हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने नाही, त्या काळ्या पडद्याने शिकवलं.

१९९६च्या मे महिन्यात विझार्डांनी माघार घेतली. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत हे त्यांनी मोकळेपणी लिहिलं आणि सूत्रं परत हाती घेतली. मला त्याचं वाईट वाटलं होतं, पण कारण देऊन, सगळ्यांसमोर लिहून घेतलेला निर्णय होता. तेवढी इभ्रत आज आपल्याला कुठली कंपनी देते?

साडेचारचा डाउनटाइम

काका, मतदान अजून जिवंत आहे! ईव्ह ऑनलाइनमध्ये. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ, रोज ११ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सर्व्हर बंद करून चालू करतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार. माझी रात्रपाळी असते, त्यामुळे मी नेमका तेव्हाच उठलेला असतो.

२००८ पासून तिथे खेळाडूंनी निवडलेलं मंडळ आहे, सीएसएम. उमेदवार प्रचार करतात, आम्ही मतं देतो, निवडून आलेल्यांना रेक्याविकला बोलावून येऊ घातलेले बदल दाखवले जातात. अंतिम शब्द कंपनीचाच. बरेच खेळाडू त्याला शोभेचं मंडळ म्हणतात, मला ते पटत नाही. २०११चा उन्हाळा आठवा. शोभेच्या वस्तू भरमसाठ किमतीला विकायला आणल्या, पाठोपाठ कंपनीचं आतलं वार्तापत्र फुटलं. जिता या खेळातल्या बाजारपेठेच्या तारामंडळातल्या स्मारकावर शेकडो जहाजं गोळ्या झाडत उभी. तेव्हा कंपनीने तातडीने मंडळाला आइसलँडला बोलावून बैठक घेतली, आणि ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. माणसं आधीच निवडलेली होती म्हणून चिडलेल्या हजारोंच्या वतीने बोलायला कोणीतरी हजर होतं.

मुलुंडची आई

छोटासाच अनुभव. लेक क्लब पेंग्विन हा मुलांचा ऑनलाइन खेळ खेळायची. बंद होणार हे २०१७च्या जानेवारीत जाहीर झालं, बंद झालं मार्चअखेर. म्हणजे मुलांना निरोप घ्यायला वेळ मिळाला. वर्षानुवर्षं मुलं तिथल्या हिमनगाच्या एका टोकाला गर्दी करून तो उलटवायचा प्रयत्न करायची, कधी उलटला नाही. शेवटच्या दिवसांत कंपनीने तो उलटू दिला. माझी पोरगी किंचाळत स्वयंपाकघरात आली होती. जग बंद करायचंच असेल तर असं करावं.

डोंबिवली अ‍ॅडमिन

चालवणाऱ्याची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितोय. कॉलेजच्या ग्रुपसाठी मी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतो. मित्रांचे मित्र आले, आता निम्म्या लोकांना मी प्रत्यक्षात ओळखतही नाही.

आमच्यात एकीने सीएसएमटी बांधत आणलं होतं. घुमट, कमानी, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं ठोकळ्यांत. एका सकाळी आतलं लाकडी काम जळून गेलेलं. दोन पोरांवर सगळ्यांचा संशय, ग्रुपवर शिव्यांचा भडिमार, ‘दोघांना काढ’. माझ्याकडे कोअरप्रोटेक्ट या नोंदी ठेवणाऱ्या जोडणीचा लॉग होता. त्यात कोणी, कुठला ठोकळा, किती वाजता तोडला किंवा पेटवला, ओळीओळीने असतं. पाहिलं तर तिसराच निघाला, संशयितांपैकी एक तर त्या वेळी लॉगिनच नव्हता. मी लॉगच्या ओळी सगळ्यांसमोर टाकल्या, त्याला बोलायला एक दिवस दिला, मग काढलं. स्टेशन लॉगवरून होतं तसं परत उभं केलं. ते दोघे आजही आमच्यात आहेत.

माझा आग्रह एवढाच : ज्या जगात बॅन करताना कारण आणि पुरावा दाखवत नाहीत, तिथे पैसे गुंतवू नका. ‘सुरक्षेसाठी सांगता येत नाही’ हे उत्तर मी एका मोबाइल गेमकडून ऐकलंय. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमत नाही ते सेकंडहँड कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सर्व्हरला जमतं, म्हणजे अडचण पैशाची नाही. आणि हो, पैसे घेऊन तलवारी विकायच्या नाहीत, हा नियम माइनक्राफ्टच्या मोजांग कंपनीने २०१४ मध्येच स्पष्ट केलाय. तरी विकणारे सर्व्हर आहेतच, तिथे पोरांना पाठवू नका.

वसईकर

पैशांवरून आठवलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरचे आपोआप जाणारे हप्ते पुन्हा मंजूर करून घेणं आलं. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. पण माझ्या बँकेने काही कळवलं नाही, एका आभासी जगाचं सभासदत्व खंडित झालं आणि घर गेलं. मदत कक्षाने लिहिलं, ‘पैसे आले नाहीत.’ दुसऱ्या देशात नियम बदललाय, तिथले हप्ते एकदमच थांबलेत, हे त्यांच्या पडद्यावर दिसत नसेल का? पंधरा दिवसांची सवलत दिली असती तर बरेच भारतीय वाचले असते.

मध्यरात्रीची श्रोती

गिरगावकर दादा, परळच्या ताई, तुमच्या सूचना इथेच ठेवू नका. सेकंड लाइफमध्ये दर मंगळवारी दुपारी बारा वाजता, त्यांच्या पॅसिफिक वेळेने, सर्व्हरवर काम करणारे इंजिनिअर रहिवाशांशी बोलायला बसतात. आपल्याकडे तेव्हा बुधवारची रात्र साडेबारा. बोलणं बहुतेक टायपिंगमध्ये, त्यामुळे घरच्यांची झोप मोडत नाही. मी जाते. कोणीही प्रश्न विचारू शकतं. उत्तर कधी ‘बघतो’ एवढंच मिळतं, कधी त्रुटीचा क्रमांक मिळतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच क्रमांकाबद्दल पुन्हा विचारता येतं.

रेटून मागितलेल्या गोष्टी उशिरा का होईना होतात. नव्या लोकांना आडनाव निवडू देणं थांबलं आणि सगळ्यांमागे ‘रेसिडेंट’ लागायला लागलं. लोक वर्षानुवर्षं आडनावं मागत राहिले, २०२० मध्ये ती परत आली. प्रीमियम सभासदांनाच आणि वेगळे पैसे घेऊन, हे मला पसंत नाही, पण आली.

भाड्याच्या रकमेचा प्रश्न मात्र तिथल्या इंजिनिअरांच्या हातातला नाही, तो धोरणाचा आहे, तेव्हा दादा, तो लेखी सूचना म्हणूनच पाठवा. ताईंचा पत्त्याचा मुद्दाही तसाच. मसुदा इथे टाकलात तर इंग्रजी मी करून देते, ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली अवताराचं नाव लिहा, खरं नको. आणि बैठकीला यायचं असेल तर लक्षात ठेवा, नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की आपल्याकडे ती रात्री दीडला सुरू होते.