मदत हवी आहे: अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं फुटेज डीव्हीडीवर घेतलं की चित्राचा पार चुरा होतो

गड्डाकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट लिहिलं की 'सेटिंग काय ठेवलं होतं?' असेच वीस प्रतिसाद येतात, म्हणून सगळं सांगून टाकतो.

आमचे मामा अक्कलकोटला असतात. सोलापूरला सिद्धेश्वरांच्या यात्रेत त्यांनी बरीच वर्षं नंदीध्वज (मिरवणुकीतली मानाची उंच काठी) पेलला. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिनासुद्धा चढायचा नाही अशी ताकीद. भोगीच्या दिवशी काठ्या निघाल्या आणि मामा घरात. फोनवर एवढंच म्हणाले, "अक्षता तरी दाखव की रे." (संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न लागतं, तेव्हा उधळतात त्या.) म्हणून मी बाराबंदीवर (यात्रेतला पांढरा अंगरखा) छातीपट्टा बांधून अ‍ॅक्शन कॅमेरा लावला आणि हिरेहब्बू वाड्यापासून दत्त चौक, माणिक चौक, विजापूर वेस करत संमती कट्ट्यापर्यंत काठ्यांबरोबर चाललो. वाटेत दोघांनी विचारलं, "छातीला काय बांधलायस बे, बीपी मोजायलास काय?"

फुटेज ४के, ६० फ्रेमचं. एकूण २ तास ४० मिनिटं, ७२ जीबी, कॅमेऱ्यानं ४-४ जीबीचे तुकडे करून ठेवलेलं. माझ्या कॉम्प्युटरवर काचेसारखं दिसतं. काठीच्या टोकाच्या बाशिंगाचे मणीसुद्धा मोजता येतात.

मामांकडे जुना डीव्हीडी प्लेयर आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं ३२ इंची टीव्हीला जोडलेला. त्यांना रिमोटवरचं प्ले आणि पॉज एवढंच येतं. मोबाइल, पेन ड्राइव्ह यांतलं काही नको. त्यामुळं डीव्हीडीच करायची आहे.

मी केलं ते असं: एका फुकटच्या एडिटरमध्ये तुकडे जोडून १ तास ५० मिनिटांचा व्हिडिओ केला आणि जे सेटिंग आपोआप आलं त्यावर एक्स्पोर्ट मारला (१०८०पी, ३० फ्रेम, ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट). ती फाइल डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, पाल (आपल्याकडचा टीव्ही फॉरमॅट, सेकंदाला २५ फ्रेम) निवडलं, १६एक्स वेगानं बर्न केली.

दत्त चौकापर्यंत चित्र मऊ दिसतं, पण चालून जातं. मात्र संमती कट्ट्यावर 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' सुरू होऊन अक्षता उडाल्या रे उडाल्या, की सगळं चित्र चौकोनांत फुटतं. तांदूळ नाहीत, माणसं नाहीत, नुसत्या राखाडी फरशा. ज्यासाठी हा उपद्व्याप केला नेमकं तेच दिसत नाही! शिवाय मी वळलो की चित्र झटके खातं, आणि टीव्हीवर चारी बाजूंनी काळी चौकट येते ती वेगळीच.

ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याला दाखवलं, तर म्हणाला कॅमेराच खेळण्यातला आहे. दुसऱ्यानं सांगितलं ४एक्सनं बर्न कर, क्वालिटी जात नाही. केलं, काडीचा फरक नाही. चार डिस्क वाया गेल्या, आणि आता नवी पेठेत कोऱ्या डिस्कसाठी सुद्धा तीन दुकानं पालथी घालावी लागतात.

उगीचच

पेन ड्राइव्हवर द्या की राव. डीव्हीडी अजून कोण बघतं?

गड्डाकर

मामा बघतात. वर लिहिलंय.

धुरळा

बर्नरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. बर्न करणं म्हणजे तयार फाइल डिस्कवर उतरवणं. वेग कमी ठेवला तर डिस्क वाचताना चुका कमी होतात, प्लेयर अडकत नाही. पण चित्र जसं आहे तसंच उतरतं. क्वालिटी जाते ती त्याच्या आधी, आणि तुमच्याकडे ती तीन ठिकाणी गेलीये.

पहिलं म्हणजे तुम्ही झेरॉक्सची झेरॉक्स काढलीत. कॅमेऱ्याचा बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारा डेटा) तुमच्या आकड्यांवरून साधारण ६० एमबीपीएस निघतो. तो तुम्ही ८ वर आणलात, ६० फ्रेमचे ३० केलेत, आणि ती पिळून काढलेली फाइल डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरला परत पिळायला दिलीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मधली फाइल करायचीच असेल तर तिला बिटरेट ढिला सोडा. १०८०पीला ८० एमबीपीएस द्या, तासाला ३६ जीबी जागा खाईल, काम झालं की उडवा.

दुसरं, डिस्कचं गणित. एका लेयरची डीव्हीडी ४.७ जीबीची. तिच्यावर १ तास ५० मिनिटं बसवायची म्हटलं तर आवाज धरून ५.७ एमबीपीएसच्या वर जाता येत नाही. डीव्हीडीत व्हिडिओला ९.८ पर्यंत परवानगी असते. म्हणजे तुम्ही निम्म्या रेशनवर पंगत उठवलीत. तासाभराचा व्हिडिओ ठेवा, ८ एमबीपीएस आरामात मिळतील. नाहीतर दोन डिस्क करा.

तिसरं, ती काळी चौकट. सॉफ्टवेअरमध्ये ४:३ राहिलंय. त्यामुळं ५७६ ओळींपैकी चित्राला फक्त ४३२ मिळतात, बाकीच्या काळ्या पट्ट्यांवर खर्च होतात. १६:९ करा, म्हणजे डीव्हीडीवर चित्र आडवं दाबून ठेवलं जातं आणि टीव्ही ते ताणून बरोबर दाखवतो. प्लेयरच्या सेटअपमध्येही टीव्हीचा प्रकार १६:९ आहे ना ते बघा.

एक गोष्ट आधीच मान्य करा: ४के म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, पाल डीव्हीडी म्हणजे ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखही नाहीत. वीस पट कमी. बाशिंगाचे मणी डीव्हीडीवर मोजता येणार नाहीत, काहीही करा. चौकोन मात्र घालवता येतील.

चिंचेचं_झाड

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळं अक्षतांचं हे दुखणं रोजचं आहे :)

डीव्हीडीचं एमपेग-२ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि बघतं, हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये कुठं होता? सापडला तर 'तिथून उचल, इथं ठेव' एवढंच लिहून मोकळं होतं. स्थिर भिंत, संथ चालणारी काठी, यांत बिट वाचतात ते असे. अक्षतांचा एक दाणा डीव्हीडीच्या चित्रात जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा. असे हजारो दाणे, प्रत्येक वेगळ्या दिशेनं, आणि पुढच्या फ्रेममध्ये कुणीच आधीच्या जागी नाही. त्यात कॅमेरा छातीला, म्हणजे तुमचा श्वाससुद्धा चित्र हलवतो. शोधून काही सापडत नाही, सगळं नव्यानं लिहायला बिट पुरत नाहीत, मग तो बारकावे टाकून देतो आणि नुसते चौकोन उरतात. त्याच राखाडी फरशा.

म्हणून एकसारखा बिटरेट ठेवू नका. टू-पास व्हीबीआर (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारा बिटरेट, दोन फेऱ्यांत) निवडा. पहिल्या फेरीत तो पूर्ण व्हिडिओ तपासतो, दुसऱ्या फेरीत माणिक चौकातल्या संथ चालीतून बिट वाचवून अक्षतांवर उधळतो. सरासरी ८, कमाल ९ ठेवा. ९.८ ला टेकवू नका, जुने प्लेयर अडखळतात. आवाज एसी-३, १९२ केबीपीएस पुष्कळ झाला.

अंधारातले शॉट घेणार असाल तर एन्कोड (डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर) करण्याआधी नॉइज हलकासा कमी करा. दाणेदार अंधार एन्कोडरला अक्षतांसारखाच दिसतो, फुकट बिट खातो. पण हात आखडता ठेवा, नाहीतर माणसांचे चेहरे मेणाचे होतात.

मृग_नक्षत्र

वरच्या दोघांचं पटलं, पण झटक्यांचं कुणीच बोललं नाही. झटके पालमुळं आहेत. फुटेज ६० चं (खरं तर ५९.९४), तुम्ही ३० केलं, पालनं २५ केलं. ३० तून २५ काढायचे म्हणजे दर सहा फ्रेमला एक फ्रेम गिळायची. चालताना सहाव्या पावलाला कुणीतरी पायात पाय घातल्यासारखं.

माझं ऐकाल तर डिस्क एनटीएससी (अमेरिकेकडचा टीव्ही फॉरमॅट) करा.

धुरळा

भारतात एनटीएससी? आपल्याकडे सगळं पाल. शिवाय एनटीएससीत ४८० ओळी, पालमध्ये ५७६. आधीच वीस पट कमी, त्यात आणखी कापायचं?

मृग_नक्षत्र

टीव्ही प्रक्षेपण पाल होतं हो, पण आपल्याकडे विकलेले बहुतेक प्लेयर दोन्ही वाचतात, एलईडी टीव्हीही दोन्ही दाखवतात. ओळी कमी होतात हे कबूल. पण एनटीएससी डीव्हीडीत सेकंदाला ५९.९४ फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम) असतात, आणि यांच्याकडे ५९.९४ फ्रेम आहेत. एका फ्रेमचं एक फील्ड, एकही फ्रेम गिळायची नाही. चालता कॅमेरा असेल तर शंभर ओळींपेक्षा सरळ चाल मोलाची.

फक्त हे आपोआप होत नाही, बरीच सॉफ्टवेअर मुकाट्यानं निम्म्या फ्रेम टाकतात. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टीइंटरलेस नावाचा फिल्टर आहे, त्याच्या इंटरलीव्ह-टॉप मोडमध्ये दोन फ्रेम विणून एक होते. तयार झालेली एमपेग फाइल डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि व्हिडिओ फॉरमॅटला 'कॉपी' निवडा. नाहीतर ते पुन्हा एन्कोड करत बसेल.

एडिटिंग रिझॉल्व्ह या एडिटरच्या फुकट आवृत्तीत होईल. टाइमलाइन ५९.९४ आहे हे पहिली क्लिप टाकायच्या आधी बघा, नंतर बदलता येत नाही. मशीन लंगडत असेल तर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवून एडिट करा, एक्स्पोर्ट मूळ फाइलींतूनच होतो.

आधी आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवर दहा मिनिटं टाकून मामांच्या प्लेयरवर चालवून बघा. आमचा वाद तिथंच मिटेल.

धुरळा

बरं, आरडब्ल्यूवर चालली तर माझी हरकत नाही. पुढच्या वर्षी मात्र कॅमेरा ५० हर्ट्झवर ठेवून ५० फ्रेमनं घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, रात्री होम मैदानावरच्या दिव्यांची लुकलुक कमी होईल आणि पालची डिस्कही सरळ होईल. आणि ती पिवळी वायर बदला. प्लेयरला मागं एचडीएमआय किंवा लाल-हिरवी-निळी भोकं असतील तर तिथून जोडा. पिवळ्या वायरमधून पांढऱ्या बाराबंद्यांच्या कडांना रंग सुटतात.

काटकसर

एक मधेच. मूळ ७२ जीबी उडवू नका. डीव्हीडी ही मामांना बघायची प्रत आहे, जपून ठेवायची नाही. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. आणि नुसते नको असलेले भाग कापायचे असतील तर लॉसलेसकटमध्ये कापा, ते पुन्हा एन्कोड करत नाही, फक्त कट नेमका हव्या त्या फ्रेमवर न पडता जवळच्या की-फ्रेमवर (अधूनमधून पूर्ण साठवलेली फ्रेम) पडतो. माझ्या भाच्याच्या मुंजीचं मूळ फुटेज मी 'डीव्हीडी झाली की' म्हणून पुसलं होतं. डिस्कला दोन वर्षांत बुरशी लागली. आता मुंज परत कशी लावणार?

गड्डाकर

आठवड्यानं येतोय, माफ करा. मधे लाइट गेली आणि रात्रभर चाललेलं एन्कोडिंग ९१ टक्क्यांवर मेलं. त्यावर बोलायला नको.

शेवटी असं केलं: मूळ फाइलींवरून ५८ मिनिटांचा व्हिडिओ, ५९.९४ ची टाइमलाइन, १०८०पी ८० एमबीपीएसची मधली फाइल. मग टीइंटरलेस, एनटीएससी, १६:९, टू-पास, सरासरी ८. डिस्क ८एक्सनं बर्न करून सॉफ्टवेअरनं पडताळून घेतली. त्याआधी आरडब्ल्यू घेऊन अक्कलकोटला गेलो, मामांच्या प्लेयरनं कुरकुर न करता घेतली. एचडीएमआयचं भोक निघालं, पण त्यात वीस वर्षांची धूळ होती. वायर २०० रुपयांची.

चौकट गेली, झटके गेले. अक्षतांच्या पहिल्या सेकंदाला किंचित चौकोन दिसतात, मग तांदूळ तांदळासारखे दिसतात. हवेत पांढरी धूळ उडाल्यासारखं, आणि त्यामागं सातही काठ्या उभ्या.

मामांनी तेवढा भाग चार वेळा लावला. पाचव्यांदा पॉज केला आणि टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं. त्यांच्या जागी यंदा उभा असलेला पोरगा दिसतो का ते बघत होते. आणि इथं नवीन घोटाळा: पॉज केलं की चित्र थरथरतं. माणसाचे दोन हात चार दिसतात. हे काय आता?

मृग_नक्षत्र

डिस्क बिघडलेली नाही. दोन वेगवेगळ्या क्षणांची फील्ड एका फ्रेममध्ये विणलीयेत, पॉज केलं की प्लेयर दोन्ही आलटून पालटून दाखवतो. सेटअपमध्ये 'स्टिल मोड' असेल, तिथं 'फील्ड' करा. चित्र थोडं मऊ होईल, पण थांबेल.

गड्डाकर

फोनवरून मामींकडून करवून घेतलं. थांबलं. पोरगा दिसतोय, म्हणे काठी जरा डावीकडं झुकवलीय त्यानं.