'रे ट्रेसिंग'ला किरणांचा माग म्हणावं का?

तापीकाठ:
जळगावातल्या एका कलावर्गासाठी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्सवर, म्हणजे त्यातल्या उजेडाचा हिशोब करून चित्र तयार करणाऱ्या भागावर, मराठी टिपण लिहिते आहे. मुलांचा जलरंगात हात बसलेला आहे, संगणकावर चित्र मात्र पहिल्यांदाच करणार. 'रे ट्रेसिंग'साठी, म्हणजे उजेडाच्या किरणांची वाट शोधून चित्र करण्याच्या पद्धतीसाठी, मी 'किरणांचा माग' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'किरण अनुरेखन' केलं. अनुरेखन म्हटलं की या मुलांसमोर ट्रेसिंग पेपर येतो, चित्रावर कागद ठेवून गिरवणं. इथे गिरवायला खाली काही नसतंच. काय ठेवू?

शुद्धाक्षर:
अनुरेखनच ठेवा. 'अनु' म्हणजे मागोमाग. किरणाच्या मागोमाग ओढलेली रेघ. त्यातून अनुरेखित, अनुरेखक अशी रूपं सहज होतात. 'माग'पासून विशेषण कसं करणार?

सातपुडा:
विशेषण लागेल तेव्हा बघू, आधी काय घडतं ते बघा. दिव्यातून निघालेले बहुतेक किरण डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. ते सगळे मोजत बसलं तर चित्र पुरं व्हायचं नाही. म्हणून हिशोब उलटा करतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण सोडायचा, तो कशावर आदळतो ते पाहायचं, तिथून दिव्यापर्यंत वाट मोकळी आहे का ते तपासायचं. वाट अडली तर तिथे सावली. वस्तू आरशासारखी असेल तर परावर्तित किरण पुढे सोडायचा, काचेची असेल तर आत शिरणाराही. संगणकचित्रणाचे संशोधक टर्नर व्हिटेड यांचा ही साखळी मांडणारा लेख १९८० साली आला. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र म्हणजे वीस लाखांवर ठिपके, आणि प्रत्येकासाठी हा सगळा शोध. आमच्याकडे ढोर चुकलं की खुरांवरून काढतात तो हाच माग. ताईंचा शब्द चपखल आहे.

वरणबट्टी:
भाऊ, दिशा चुकतेय. माग काढणारा जनावर गेलं त्याच दिशेने जातो. माझी आजी म्हणायची, "चोरना माग काढनारा डोया जमीनवर ठेवस." म्हणजे नजर पुढच्या पावलावर. किरणाचा हिशोब तर उगमाकडे चाललाय. शिवाय धुळे-मालेगावकडे 'माग' म्हटलं की आधी यंत्रमाग. 'किरणमाग' असा जोडशब्द केलात तर कोणी साडीचं नाव समजेल.

सातपुडा:
मार्ग, मग्ग, माग अशी वाट आहे त्या शब्दाची. आणि प्राकृतात 'मग्गओ' म्हणजे पाठीमागून. आपलं 'मागे' त्याच घरातलं. तेव्हा उलट दिशा शब्दाच्या पोटातच आहे, वेगळी जोडायला नको.

कवडसा:
मला 'दृष्टिकिरण' सुचतो. डोळ्यातलं तेज बाहेर पडून वस्तूला भिडतं, तेव्हा ती दिसते, असं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, मानत. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो हे मांडलं आणि भौतिकशास्त्र त्या बाजूने गेलं. पण संगणकाचा हिशोब नैयायिकांसारखा डोळ्यापासूनच निघतो! आपल्या परंपरेत इतकं जवळचं काही असताना इंग्रजी क्रियापदाची नक्कल कशाला?

दुसरं. टिपणात 'वास्तववादी चित्र' लिहिलं असेल तर ते आधी बदला. वास्तववाद ही कलावंताची भूमिका आहे, कोणतं जगणं चित्रात आणायचं याविषयीची. रे ट्रेसिंगने केलेला काचेचा हत्ती वास्तववादी नसतो, हुबेहूब असतो. चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहा. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून त्यांनी मोकळा निसर्ग उभा केला. ते शक्य झालं उजेडाच्या जाणीवपूर्वक मांडणीमुळे. रेंडर करणाऱ्या, म्हणजे संगणकाकडून चित्र तयार करून घेणाऱ्या, मुलांनी चाळीसगावला जाऊन ती छायाचित्रं बघावीत असं मला फार वाटतं.

शुद्धाक्षर:
केकी मूस यांच्याबद्दल पूर्ण सहमत. पण 'हुबेहूब' फारसी वळणाचा. 'यथातथ्य' घ्या.

वरणबट्टी:
सर, हुबेहूब माझ्या आजीच्या तोंडी होता. यथातथ्य कोणाच्या आजीच्या तोंडी होता?

तापीकाठ:
हुबेहूब घेते. आता खरी अडचण सांगते. पहिला सराव पितळी तांब्याचा आहे. आकार बरोबर, किरण बरोबर, तरी मुलं म्हणतात, "मॅडम, प्लॅस्टिक दिसतंय." पृष्ठभाग थोडा खडबडीत केला, पोचे पाडले, गळ्यापाशी बोटांचे डाग दिले, की पितळ दिसायला लागतं. तांब्या जिथे ठेवलाय ती खोलीही लागते. रिकाम्या काळोखात पितळाला परावर्तित करायला काहीच नसतं. या सगळ्या चमकांना वेगवेगळे शब्द हवेत. तकाकी, लकाकी, झळाळी, झिलई हे आहेत, पण कोणता कुठे?

सातपुडा:
माझ्या कानाला केळीच्या पानाची तकाकी, घासलेल्या तांब्याची लकाकी, रेशमी पदराची झळाळी. लकाकी डोळा हलवला की सरकते, तकाकी पानभर पसरलेली असते. झिलई मात्र वरून चढवलेली, ती या रांगेत बसवू नका. आणि रावेरच्या बागेत उन्हाकडे तोंड करून पान पाहिलं तर उजेड पानातूनच झिरपतो, त्याला 'पारभासी' म्हणा.

शुद्धाक्षर:
पारभासी छान. काचेच्या सरावात 'वक्रीभवन' लिहू नका. शाळेच्या पुस्तकात आता 'अपवर्तन' आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हिऱ्याचा २.४२, असंच लिहा.

वरणबट्टी:
विश्वकोशात तर 'प्रणमन' आहे. आमच्या वेळी वक्रीभवन होतं आणि ते सगळ्यांना कळायचं.

कवडसा:
कळायचं, पण चुकीचं कळायचं. वक्र म्हणजे बाक. किरण पाण्यात शिरताना बाक घेत नाही, हद्दीवर एकदाच वळतो आणि पुढे सरळ जातो. ब्लेंडरमध्येही तो तसाच जातो.

वरणबट्टी:
मग वाकड्या काठीला वक्र म्हणत नाहीत का?