निकोटीन गम चघळूनही सिगारेटची तलफ जात नाही, वर घसा जळतो. चुकतंय कुठे?

साताराकर_७२:
नमस्कार. रोजच्या १४-१५ सिगारेटी, पहिली उठल्यावर दहा मिनिटांत, चहाबरोबर. बंद करून आज चौथा दिवस. मेडिकलमधून २ मिग्रॅचे निकोटीन गम आणलेत, दिवसाला चार-पाच होतात. गम तोंडात टाकला की घसा जळतो, उचक्या लागतात आणि तलफ आहे तिथेच. सकाळी पोट साफ होत नाही, रात्री झोप लागत नाही, घरात चिडचिड चालू आहे. गम वाढवायचा की बदलायचा? दुपारी चारला ऑफिसखालच्या टपरीवर सगळे जातात, तेव्हा काय करायचं? आणि हे किती दिवस चालणार?

औषधीवाला:
घसा जळणं आणि उचकी म्हणजे गम साध्या च्युइंगमसारखा चघळला जातोय. यातलं निकोटीन पोटातून नाही, गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चघळलं की ते लाळेत उतरतं आणि लाळ गिळली जाते. पोटात गेलेल्यातलं बरंचसं यकृतातच संपतं. जळजळ तेवढी पदरात पडते, मेंदूपर्यंत फारसं काही पोचत नाही.

गम सावकाश चावा, दहा-पंधरा वेळा. मिरी चावल्यासारखी तिखट चव आली किंवा तोंडात मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा आणि तोंड हलवू नका. मिनिटभराने चव ओसरली की परत दोन-चारदा चावा आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. त्यानंतर चावूनही तिखटपणा येत नसेल तर गम संपला, कागदात गुंडाळून टाका. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दुसरी चूक बहुतेक चहाची असणार. तोंडात आंबटपणा असेल तर निकोटीन शोषलं जात नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यातलं काहीही गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना नको. साधं पाणी चालतं. चहा होऊन गेला असेल तर चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबा.

आता मात्रा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिग्रॅ कमी पडतो, ४ मिग्रॅ लागतो. २ मिग्रॅ चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि दिवसाला चार-पाच हे फारच कमी. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे किमान नऊ-दहा. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यातच गम बंद करणारे पुष्कळ, आणि तिथेच परत सुरू होते.

वेळेचं गणितही समजून घ्या. सिगारेटचं निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. चारची टपरी असेल तर ३:२० ला गम तोंडात हवा. ३:५० ला तो संपतो, चारला चहा खुशाल प्या.

कवळी असेल तर गम तिला चिकटतो. मग गमऐवजी चोखायची निकोटीन गोळी घ्या, आंबटाचा नियम तोच.

छातीची_ओपीडी:
वरचं सगळं बरोबर, पण उठल्या उठल्या तलफ असणाऱ्याने नुसत्या गमवर राहू नये. निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणि गम एकत्र वापरले तर एकट्या कशाहीपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते. पॅच दिवसभर एक संथ पातळी राखतो, मधेच उसळणाऱ्या तलफेला गम. पॅच लावला की गम गरजेपुरताच, घड्याळ लावून नाही.

रोज दहाच्या वर सिगारेटी असतील तर साधारण २१ मिग्रॅ सहा आठवडे, १४ मिग्रॅ दोन आठवडे, ७ मिग्रॅ दोन आठवडे. आंघोळीनंतर दंड, छाती किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावा. तेल-पावडर लावलेल्या कातडीवर तो धरत नाही, घामाच्या दिवसांत तर दुपारपर्यंत कडा सुटतात. तळहाताने दहा सेकंद दाबून धरा. रोज नवी जागा, तीच जागा आठवडाभर नको. पहिला तासभर थोडी खाज चालेल, लाल चट्टा उठला तर काढा. रात्री भयंकर स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. मात्र मग सकाळची पातळी शून्यावर येते आणि नवा पॅच चढायला काही तास घेतो. म्हणून उठल्यावर आधी चूळ, मग गम, अर्ध्या तासाने चहा. चहा-सिगारेटची जोडीही त्यातच तुटते.

झोपेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं याचं खापर सिगारेट सोडण्यावर फुटतं आणि दोष पाच कप चहाचा असतो. कप निम्मे करा, चारनंतर नको. याच कारणाने थिओफायलिन (दम्याचं औषध), क्लोझापीन, ओलान्झापीन (मानसिक आजारावरची औषधं) चालू असणाऱ्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगावं, मात्रा कमी करावी लागू शकते.

पोट: निकोटीन आतड्याला चालना देतं, ती गेली की काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. रात्री इसबगोल दोन चमचे, पेलाभर कोमट पाण्यात, लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलनेच पोट गच्च होतं.

दोन महिने नीट वापरूनही जमलं नाही तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, चिठ्ठीवरच. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात: तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, चार दिवस ०.५ मिग्रॅ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ दोनदा, एकूण बारा आठवडे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. किडनीचा त्रास असेल तर मात्रा वेगळी. गरोदरपण, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गम-पॅचही विचारल्याशिवाय नकोत.

सोडवणूक:
किती दिवस? सर्वांत वाईट पहिले दोन-तीन दिवस, ते तुम्ही ओलांडलेत. चिडचिड, बेचैनी, भूक साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरते, भूक जरा जास्त रेंगाळते. एकेक तलफ तशी काही मिनिटांचीच असते. लाटेसारखी चढते, उतरते. ती पाच मिनिटं हात आणि तोंड गुंतवायचे. घोट-घोट गार पाणी, जिना उतरून चढणं, चार आकडे श्वास आत आणि सहा आकडे बाहेर, असं दहा वेळा. खिशात लवंग किंवा भाजलेली बडीशेप ठेवा.

सुपारी मात्र अजिबात नको. सिगारेट सुटली म्हणून सुगंधी सुपारीची पुडी धरणारे आपल्याकडे फार आहेत. तंबाखू नसली तरी सुपारीने तोंडाचा कॅन्सर होतो, आणि तोंड उघडेनासं होतं ते तिच्यानेच. मळलेली तंबाखू आणि मिश्रीचंही तेच, आगीतून फुफाट्यात.

टपरी: पहिले तीन आठवडे चहा वर मागवा. जायचंच असेल तर उभं कुठे राहता ते बघा. दोरीला लायटर लटकवलेला असतो तो कोपरा टाळा, कारण हात आपोआप तिकडे जातो, डोक्याला कळायच्या आत. कप उजव्या हातात धरा, म्हणजे सिगारेटचा हात मोकळा राहत नाही. सोबत्यांना एक वाक्य आधीच सांगून ठेवा, "मला देऊ नका, मागितली तरी." महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक सहज मिळते, म्हणून खिशात पाकीट नाही यावर विसंबू नका.

सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८ राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर मोफत बोलता येतं. मराठीत बोलणारं माणूस मागा.

साताराकर_७२:
खूप आभार. ४ मिग्रॅची चिठ्ठी उद्याच घेतो. दोन शंका: मित्र म्हणतात गमचीच सवय लागेल. आणि शनिवारी बसायचा बेत ठरलाय, एखादा झुरका झाला तर?

सोडवणूक:
गमची सवय काहींना लागते, पण हळू चढणारं निकोटीन सिगारेटइतकं पकडत नाही. शिवाय कॅन्सर आणतो तो मुख्यतः धूर, डांबर. बारा आठवड्यांनी गम सुटत नसेल तर तो अर्धा कापून घ्या.

शनिवारचा बेत मात्र पुढे ढकला, निदान महिनाभर. दारू पोटात गेली की ठरवलेलं सुटतं आणि पेटवलेली पुढ्यातच असते. तरी झुरका झालाच तर "आता मोडलंच" म्हणून पाकीट घेऊ नका. उरलेली तिथेच विझवा, पॅच असेल तर तसाच ठेवा, पुढचा गम ठरल्या वेळी घ्या. आणि कुठे, कुणाबरोबर, किती वाजता झालं ते मोबाइलवर लिहून ठेवा. पुढच्या शनिवारी त्या वेळेच्या अर्धा तास आधी गम तोंडात हवा.