मदत हवी आहे: आरसीसी खांबात लाल ऑक्साईड घातल्याने ताकद कमी होते का?

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळचं आमचं जुनं जांभ्याचं घर उतरवून नवीन बांधतोय. समुद्र चालत दहा मिनिटांवर. पडवीचे चार खांब आरसीसीचे आहेत आणि ते जांभ्यासारखे तांबडे दिसावेत अशी बाबांची फार इच्छा आहे. वरून लावलेल्या रंगाला दोन पावसाळ्यांत पोपडे येतात, म्हणून रंग मालातच कालवायचं ठरवलं.

पंधरा दिवसांपूर्वी एका गोणीचा माल करून पाहिला. 50 किलो सिमेंट, 22 लिटर पाणी आणि कोब्याला वापरतात ती लाल ऑक्साईडची सुटी पूड 5 किलो. मिक्सर जरा फिरला आणि माल इतका घट्ट झाला की घमेल्यातून सुटेना. मी "थांबा" म्हणेपर्यंत गवंड्याने अर्धी बादली पाणी ओतलं होतं. मग माल छान सरकला, रंगही सुरेख आला. त्या मालाचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरले, त्याच दिवशी बिनरंगाचेही भरले होते. सात दिवसांनी फोडले, तर लाल क्यूब साध्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी!

ताकद रंगाने खाल्ली की पाण्याने? आणि ऑक्साईड म्हणजे गंजच ना, मग आतल्या सळ्या लवकर गंजतील का? पुढच्या आठवड्यात शटरिंग लागतंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दोष मुख्यतः पाण्याचा. अर्धी बादली म्हणजे साधारण 5 लिटर. पाणी-सिमेंट प्रमाण 0.44 वरून 0.54 वर गेलं. किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किमान एम-30 ताकदीचं काँक्रीट लागतं आणि हे प्रमाण 0.45 च्या वर चालत नाही. ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरा.

पुडीचे कण सिमेंटपेक्षा कितीतरी बारीक, म्हणून ती पाणी पिते. पिवळ्या ऑक्साईडचे कण सुईसारखे, ते आणखी जास्त पितात. पूड सिमेंटसारखी माल बांधून धरत नाही, तेव्हा तिच्यापायी सिमेंट कमी करू नका. तुम्ही सिमेंटच्या 10 टक्के घातलीत. काँक्रीटच्या रंगपुडीसाठीच्या अमेरिकन मानकाची, एएसटीएम सी-979 ची, ती कमाल मर्यादा आहे. गोणीला 2 ते अडीच किलोत तांबडा रंग चांगला येतो, पुढे पूड वाढते पण रंग फारसा चढत नाही. घट्टपणा प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालवा. त्याच मानकानुसार रंगीत क्यूबची 28 दिवसांची ताकद साध्याच्या निदान 90 टक्के भरायला हवी.

लाल ऑक्साईड सळी गंजवत नाही, गंजवतं ते क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार. सुट्या पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून क्लोराइडचा तपासणी दाखला असलेलीच पूड घ्या. आरसीसीत सगळं मिळून घनमीटरला 0.6 किलोपर्यंतच क्लोराइड चालतं. कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, 45 मिमी ठेवा. जास्त पाण्याने काँक्रीट सच्छिद्र झालं की खारी हवा सळीपर्यंत पोचते, तुमच्याकडे खरी भीती तीच आहे.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आज दाखल्याची पूड 2 किलो आणि प्लास्टिसायझर घालून पुन्हा माल केला. पाण्याचं माप मी स्वतः हातात धरलं, 22 लिटरच्या वर थेंब नाही. माल सरकला. रंग जरा फिका आहे, पण बाबांनी ओल्या क्यूबवर हात फिरवून "चालेल" म्हटलं. शटरिंग थांबवलंय. 28 दिवसांचे आकडे आले की इथेच लिहितो.