मदत हवी आहे: पुतणीला उत्खननावर काम शिकायचंय

राम राम मंडळी. माझी पुतणी शहाद्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. प्रकाशा गाव आम्हाला जवळच. तापी-गोमाईच्या संगमावरची तिथली पांढरी (जुन्या वस्तीचं टेकाड) १९५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणली आणि थेट ताम्रपाषाण काळापर्यंतची, म्हणजे माणूस तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचा तेव्हापर्यंतची, वस्ती निघाली. हे वाचल्यापासून पोरगी झपाटलीय. परवा नदीकाठच्या दरडीत तिला काळ्या नक्षीचं तांबडं खापर दिसलं. फोटो काढला, पण उचललं नाही. मला फार बरं वाटलं.

पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात एम.ए. करायचं म्हणते. त्याआधी एखाद्या उत्खननावर विद्यार्थी म्हणून घेतात का? अर्ज कोणाकडे, कोणत्या महिन्यात करायचा? मुलींच्या राहण्याची सोय कशी असते? कोणाची मुलं या वाटेनं गेली असतील तर कृपया सविस्तर सांगा.